बारावी खोली

सुट्टीच्या दिवशी दुपारी बाराला बायकोचा फोन यायचा आणि तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. जेवलात का? सतरा वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. मुलीच्या लग्नाच्या धामधुमीत चुकलं नव्हतं. त्याची आई गेली त्या दिवशीसुद्धा तिनं रडतारडता आधी तेच विचारलं होतं आणि मग आई गेल्याचं सांगितलं होतं. तो जेवलेला असो नसो, हो म्हणायचा, आणि मग गाडी पुढे सरकायची. आज तिनं विचारलं नाही. आज ती एवढंच म्हणाली, "तुमची खोली बघितली." त्याला काही सुचायच्या आत ती दूध उतू जातंय म्हणाली, संध्याकाळी करते म्हणाली, आणि फोन ठेवून मोकळी झाली. भरदुपारी बाराला कोण दूध तापवतं, हा प्रश्न त्याला आधी पडला. मग हळूहळू दुसरा पडला. कुठली खोली?

तो वरच्या पलंगावर मान वाकवून बसला होता, कारण तिथं मान वाकवूनच बसता येत असे. खोलीत तीन दुमजली लोखंडी पलंग होते, सहा माणसं होती, भिंतीत एकवीस खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला मालक होता. खिडकी नव्हती. पंखा होता, पण तो खालच्या तिघांचा; वरच्यांना नुसता त्याचा आवाज मिळायचा. या खोलीत त्याला सगळे लेव्हल म्हणायचे. फरशी बसवणारा माणूस, आणि असा की चहाचा कप ठेवायच्या आधीसुद्धा बोटानं टेबलाचा उतार बघणार. ज्याला लेव्हल म्हणतात त्याच्या स्वतःच्या खोलीची फरशी मात्र मधोमध खचलेली, एका पलंगाखाली कायम ओल, दोन पायांखाली लाकडाचे तुकडे घातलेले. आपण दुरुस्त करू असं त्यानं पहिल्या वर्षी म्हटलं होतं. खोलीचा मालक म्हणाला होता, तू आज आहेस, उद्या नाहीस. त्या उद्याची सतरा वर्षं झाली.

आणि ही खोली बायकोला ठाऊक नव्हती. तिला दुसऱ्या ठाऊक होत्या, अकरा. खोटं बोलायचं ठरवून काही तो बोलला नव्हता, हे त्यानं स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते खरं की तेही खोटंच, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं होतं. कामासाठी इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात तिनं विचारलं, राहता कुठं, कशी आहे खोली? त्या दिवशी त्यानं एका घराचं काम संपवलं होतं. मोठी खोली, पूर्वेला खिडकी, खिडकीत झाडाची एक फांदी, आणि त्यानं बसवलेल्या फरशीवर त्या फांदीची सावली हलत होती. डोळ्यांत तीच खोली होती, म्हणून त्यानं तीच सांगितली. पलीकडून इतका सुटल्यासारखा श्वास ऐकू आला की मग मागे फिरता येईना. पुढे सवय झाली. कंपनीनं खोली बदलली म्हणायचं, आणि नवीन घराचं काम झालं की ते सांगायचं. एक होती समोर पाणी दिसणारी. एक होती निळ्या न्हाणीघराची, ती बायकोची सगळ्यांत लाडकी. ती खोली सुटली तेव्हा ती दोन दिवस नाराज होती. तुम्ही काही बोलला का नाही वरच्या साहेबांना, गप्प बसून ऐकून घेतलंत, म्हणून त्याला खडसावलंही होतं. न्हाणीघराचं काम खरं तर तीन दिवसांचं होतं.

फरशीचं काम खोलीच्या आतल्या कोपऱ्यात सुरू होतं आणि दाराशी संपतं. बसवणारा उकिडवा मागे मागे सरकत येतो, शेवटची फरशी रबरी हातोड्यानं ठोकतो आणि उंबऱ्याबाहेर उभा राहतो. मग सिमेंट धरेपर्यंत आत कुणी पाय ठेवायचा नाही. तोवर तो दुसऱ्याच कुठल्यातरी घराच्या आतल्या कोपऱ्यात बसलेला असतो. केलेल्या खोलीत पाऊल टाकणं त्याच्या नशिबात नाही, आणि याचं त्याला कधी वाईटही वाटलं नव्हतं. काम म्हणजे काम. पण बायकोला सांगताना तो उलट्या बाजूनं, दारातून आत यायचा. तिचीच अट होती तशी. दारातनं सांगा, म्हणजे मला चालता येईल. मग तो म्हणायचा, चप्पल बाहेर काढ, फरशी ओली आहे अजून, आणि ती म्हणायची, काढली. मग ती दोघं आत जायची. डावीकडे भिंत, पुढं खिडकी, इथं बस जरा. ती विचारायची, रुसलेली आहे ना? आहे, दाराशीच. ही रुसलेली म्हणजे एक फरशी. निघायच्या आधी त्यानं घरच्या स्वयंपाकघरात फरशी बसवली होती. सगळ्या फरश्यांची रेघ उभी होती, दाराजवळची शेवटची मात्र कापताना चुकली आणि ती आडवी बसवावी लागली. बायको कंबरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, ही एक रुसलीय का? तेव्हापासून तो जिथं काम करी तिथं दाराशी एक फरशी आडव्या रेघेची बसवायचा, मुद्दाम. दोन कंत्राटदारांनी पकडलं, एकानं बोलून घेतलं, पण सवय सुटली नाही. इतक्या घरांत, इतक्या अनोळखी लोकांच्या पायांखाली, त्याची बायको रुसून बसली होती.

तो पलंगावरून उतरला. खाली रेडिओ आरशासमोर दाढी करत होता. रेडिओ म्हणजे काँक्रीटची गाडी चालवणारा. तोंड बंद ठेवणं त्याला डॉक्टरांनी मना केलंय असं सगळे म्हणायचे. तो आरशातूनच म्हणाला, "लेव्हल, बघितलंस का? टेपवालीनं आपली खोली फोनवर टाकलीय. माझ्या मेहुण्यानं गावाकडून पाठवली मला. म्हणजे खोली इथं, आणि बातमी तिकडून." आणि हसत राहिला. लेव्हलच्या पायाखालची फरशी आधीच खचलेली होती, तरी त्याला ती आणखी खाली गेल्यासारखी वाटली. त्यानं सदरा चढवला आणि तो निघाला.

टेपवाली चार महिन्यांपूर्वी आली होती. तोंडावर ताई, मागे टेपवाली, कारण पहिल्या दिवशी ती मोजमापाची टेप घेऊन आली आणि कुणाशी बोलायच्या आधी खोली मोजायला लागली. त्याला ते आवडलं होतं. लोक यायचे, हळहळायचे, फोटो काढायचे. मोजणारी हीच पहिली. ती कलाकार होती. एका ट्रस्टसाठी ती ही खोली जशीच्या तशी प्रदर्शनाच्या दालनात उभी करणार होती. लोकांनी आत येऊन उभं राहायचं, मग ट्रस्ट त्यांना मदतीचं आवाहन करणार, आणि जमलं तर बाहेरून कामाला आलेल्यांसाठी वसतिगृह बांधणार, प्रत्येक पलंगाला खिडकी असलेलं. ही शेवटची गोष्ट तिनं इतक्या घाईघाईनं सांगितली, जणू वचन द्यायची तिला भीती वाटत होती. म्हणून त्याचा तिच्यावर विश्वास बसला. फरशी तुम्हीच बसवा काका, असं तिनं म्हटलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला.

आणि तिथं त्याच्या हातांनी घोटाळा केला. दोन दिवस खपून त्यानं दालनात फरशी बसवली, दोरी लावून, काटकोनाला गुण्या लावून, सांधे असे की नख फिरवलं तर अडकू नये. टेपवाली आली, बघितलं, आणि कपाळावर हात मारून हसली. म्हणाली, काका, इतकी छान नको. तुमच्या खोलीसारखी हवी ना, खचलेली. त्याला हुकूम कळत होता, हातांना कळत नव्हता. दुसऱ्यांदा त्यानं मन घट्ट करून मध्ये उतार दिला, तर तो उतार इतका सुरेख, चहूबाजूंनी इतका सारखा आला की पाणी ओतलं असतं तर बरोबर मध्यावर तळं झालं असतं. शेवटी तिनं हातोडा दिला. आपण बसवलेल्या फरशीवर त्यानं आयुष्यात पहिल्यांदा घाव घातले, आणि प्रत्येक घावाला तो मनात म्हणत होता, माफ कर. कुणाला म्हणत होता ते त्याला सांगता आलं नसतं. सगळं वाकडंतिकडं झाल्यावर दाराशी एक जागा राहिली. तिथं एक फरशी त्यानं मात्र नीट बसवली, सरळ, पक्की, आडव्या रेघेची. टेपवालीनं विचारलं, ही अशी का? तो म्हणाला, असू द्या. तिनं असू दिली.

त्याच दिवसांत तिनं प्रत्येकाकडे गावाहून आलेली एकेक वस्तू मागितली होती, प्रदर्शनापुरती. रेडिओनं वडिलांची पट्ट्याची बक्कल दिली. लेव्हलकडे तिनं पडदा मागितला. पिवळ्या कापडावर हिरवी पानं, धुऊन धुऊन विटलेला. सहाव्या खोलीच्या वेळची गोष्ट. त्या खोलीच्या खिडकीवर ऊन येतं असं तो बोलून गेला होता, तर बायकोनं माप विचारलं. चार फूट बाय साडेतीन, त्यानं सांगितलं. माप खरंच होतं, त्याच्या हातून खोटं माप जाणं शक्यच नव्हतं. तिनं पडदा शिवून गावाकडच्या एका माणसाबरोबर पाठवला. दोन्ही बाजूंना रुंद दुमड ठेवली होती, उद्या खिडकी मोठी मिळाली तर सोडता यावी म्हणून. खिडकी मोठी काय नि लहान काय. त्यानं तो आपल्या पलंगाला लावला. पलंग सहा फुटांचा आणि पडदा चारचा. डोकं झाकलं की पाय उघडे. रोज झोपताना त्या पिवळ्या कापडाकडे बघत तो पडायचा, आणि दिव्याचा उजेड पलीकडून आला की क्षणभर, अगदी क्षणभर, तिथं खिडकी आहे असं वाटायचं. टेपवालीला दिला तेव्हा विटकं फडकं तर आहे असं तो म्हणाला होता. पहिल्याच रात्री त्याला चुकल्यासारखं झालं. तिकडे कोण बघणार आहे, असंही तेव्हा मनात येऊन गेलं होतं. त्याचा फोन साधा, बटणांचा, आणि तो मुद्दाम साधा ठेवलेला. बायकोकडेही तसलाच. पण शेजारणींकडे मोठे फोन असतात, हे त्याच्या हिशेबात आलं नव्हतं.

तो दालनात पोचला तेव्हा तिथं गर्दी होती. त्याच्या खोलीसमोर रांग होती, आणि रांगेत उभं राहिल्याशिवाय त्याला त्याच्या खोलीत जाता येत नव्हतं. तो उभा राहिला. इथल्या खोलीला तीनच भिंती होत्या. चौथी बघणाऱ्यांसाठी काढून टाकलेली, त्यामुळे आत छान गार वारा येत होता. पंख्याचा आवाज त्यांच्याच खोलीतला, कुठूनतरी वाजवलेला. चांगल्या कपड्यांतली माणसं वाकून आत जात होती आणि बाहेर येताना गप्प होऊन येत होती. एक वयस्क बाई खालच्या पलंगाच्या कडेला टेकल्या, एका हातानं गादी चाचपली, आणि तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी पदरानं नव्हे, तळहातानं सरळ डोळे पुसले. त्याला आधी राग आला, की बाई, तो पलंग रेडिओचा, तो तर दिवसभर हसत असतो. मग राग टिकेना. बाईंचं रडणं काही उसनं नव्हतं. आपल्याला या खोलीचं कधी रडू आलं नाही, हेच त्याला नवल वाटलं. रडू यायचं ते त्या अकरा खोल्यांचं.

त्याची पाळी आली. उंबऱ्याशी त्याचं पाऊल आपोआप थांबलं, रुसलेलीवर पडू नये म्हणून. मग तो तिच्यावरून पाय उचलून आत गेला. वरच्या पलंगाला पडदा होता. इथं दिवा बरोबर मागून सोडला होता, त्यामुळे पानं उजळली होती, घरी शिवताना दिसली असतील तशी. खाली पाटी होती: खिडकी नसलेल्या खोलीतला पडदा. बास, एवढंच. त्यानं हात पुढं केला. रुंद दुमडीला बोट लागलं न लागलं, तोच रखवालदार हळू आवाजात म्हणाला, "काका, वस्तूंना हात लावायचा नाही." तो सॉरी म्हणाला आणि त्यानं हात मागे घेतला. आपली बायको एखाद्या पाहुण्याच्या घरी भेटावी आणि चारचौघांत तिच्याशी बोलता येऊ नये, तसं त्याला झालं.

टेपवालीनं त्याला पाहिलं आणि ती धावतच आली. चेहरा फुललेला. सांगत सुटली, की आठवड्यात लाखो लोकांनी व्हिडिओ बघितला, ट्रस्टकडे माणसांची रीघ लागलीय, वसतिगृहाच्या जागेला काल होकार आला. दोनशे पलंग, काका, दोनशे खिडक्या. आणि सगळे त्या पडद्याबद्दलच विचारतात. तिच्या फोनवर तिनं त्याला व्हिडिओ दाखवला. कॅमेरा जमिनीलगत दारातून आत येत होता, कुणाच्या तरी पावलांमागून. पहिली दिसली ती आडव्या रेघेची फरशी. मग खचलेली जमीन, खिळे, लोखंड. मग कॅमेरा वर चढला आणि पडद्यावर थांबला. थांबला तो थांबलाच. म्हणजे बायकोला दारातूनच आत आणलं होतं, हवं तसं, पायरीपायरीनं, फक्त आणणारा तो नव्हता.

त्यानं विचारलं, "हे काढून टाकता येईल का?"

टेपवालीचा चेहरा उतरला. पण तिनं कारण विचारलं नाही. म्हणाली, "काढते. आत्ता काढते, काका." आणि तिचा अंगठा खरोखरच फोनवर गेला. तो त्या अंगठ्याकडे बघत राहिला. बघितलेलं काढून टाकायचं बटण तिच्याकडे नव्हतं, कुणाकडेच नसतं. आणि दोनशे खिडक्या. त्याच्या डोळ्यांपुढे माप आलं, सवयीनं. चार बाय साडेतीन धरलं तरी पुष्कळ उजेड. "राहू द्या," तो म्हणाला. मग तिला वाईट वाटू नये म्हणून, फरशी बरी धरलीय, असंही म्हणाला.

परत येताना तो चालतच आला. रस्त्यात चार इमारती त्याच्या हातच्या होत्या आणि नेहमी तो मान वर करून त्या बघायचा. त्यांतल्या एकीच्या तिसऱ्या मजल्यावर त्याची आठवी खोली होती, गॅलरीची. आज तिथं कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. तिथं त्या लोकांचं घर आहे, हे त्याला आज पहिल्यांदा नीट दिसलं. मुलगी सासरी गेल्यापासून बायको म्हणत होती, आता मीच येते तिकडे, महिनाभर तर महिनाभर, त्या गॅलरीत बसून राहीन मी. आणि तो काहीतरी सबब सांगून पुढं ढकलत होता. भीती पकडलं जाण्याची नव्हती. भीती ही होती, की या सतरा वर्षांत ती दोघं एकत्र राहिली असतील तर ती त्या अकरा खोल्यांतच. तीनचार वर्षांनी मिळणारी महिन्याची रजा म्हणजे काय, पाहुणचार. संसार झाला तो फोनवर, दुसऱ्यांच्या फरश्यांवर. त्या खोल्या खोट्या ठरल्या तर त्यांच्याकडे राहायला जागाच उरत नव्हती. तिची इतकी आठवण आली की तो फुटपाथच्या कडेला उभा राहिला आणि पायाखालच्या फरश्या मोजायला लागला. एकही सरळ बसवलेली नव्हती.

संध्याकाळी सहाला तो वरच्या पलंगावर होता. पडदा नसल्यामुळे सगळ्यांना सगळा दिसत होता. फोन वाजला. त्यानं उचलला. खाली रेडिओची बडबड चालू होती. त्यानं लेव्हलचा चेहरा बघितला, जन्मात पहिल्यांदा वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि बाकीच्यांना नजरेनं खुणावून बाहेर काढलं. कधी नव्हे ती खोली रिकामी झाली.

"जेवलो नाहीये मी," तो म्हणाला.

"माहितीये," बायको म्हणाली. "शेजारच्या वहिनींनी दाखवलं. त्या म्हणाल्या, बघा हो कशी राहतात बिचारी माणसं. मी पण म्हटलं, बिचारी. मग ती दाराशी दिसली, रुसलेली. म्हटलं, ह्यांनी केलंय काम. अभिमान वाटला हो मला. वहिनींना सांगणार होते, तेवढ्यात पडदा आला."

त्याचा हात पडद्याच्या रिकाम्या जागेकडे गेला.

"झाड नव्हतं का?"

"झाड होतं. खिडकीही होती. राहणारे दुसरे होते."

"आणि निळं न्हाणीघर?"

"होतं ना. तीन दिवस होतो मी तिथं."

"म्हणजे सतरा वर्षं मी लोकांच्या घरातनं हिंडत होते," ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो असावा असंच त्याला वाटत होतं. तो ऐकत राहिला. पलीकडे ती नाक पुसत होती, भांडी इकडची तिकडे करत होती; आता खरंच काहीतरी पडलं. त्यानं वाट बघितली. आता ती फोन ठेवील, आणि मग पुढच्या सुट्टीला बारा वाजतील आणि फोन वाजणार नाही, हे त्याला इतकं स्पष्ट दिसत होतं की त्यानं पलंगाची लोखंडी कड धरून ठेवली.

"पडदा आखूड पडतोय तिथं," बायको म्हणाली.

"हो. पाय उघडे राहतात."

"मग दुमडी नाही सोडल्यात? दोन्हीकडच्या सोडल्या की चांगला वीतभर वाढेल. सांगितलं होतं मी तेव्हाच."

"आता तिकडे आहे तो, प्रदर्शनात. महिनाअखेरीला मिळेल."

"मिळाला की सोडा." तिनं श्वास घेतल्याचं ऐकू आलं. "आता सांगा."

"काय सांगू?"

"खोली सांगा. तुम्ही आहात ती. दारातनं सांगा."

त्यानं दाराकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यानं ते बघितलंच नव्हतं, नुसतं वापरलं होतं. "दार लोखंडी आहे," तो म्हणाला. "खाली घासतं. जरा उचलून ढकलावं लागतं. रंग हिरवा होता कधीतरी. आत आलं की डावीकडे..."

"थांबा," ती म्हणाली. "चप्पल कुठं काढू?"

उघड्या दारातून बाहेरची जागा दिसत होती. एरवी तिथं सहा जोडांचा ढीग असायचा, आपली शोधून काढावी लागायची. आज सगळे बाहेर गेलेले, आणि तिथं एकट्या त्याच्याच चपला होत्या, भिंतीला लागून, सरळ रेषेत ठेवलेल्या.

"बाहेरच काढ," तो म्हणाला. "माझ्या चपलांशेजारी जागा आहे."